पट्टीचा ठोका

मावशीच्या शिकवणीला एकच नियम होता: वाक्य खरंच हवं. डोळे मिटायचे, घरातली एखादी जुनी सकाळ आठवायची आणि तिने टेबलावर पट्टी वाजवली की लगेच एक वाक्य म्हणायचं. विचार करायला वेळ दिला की माणूस थापा मारतो, असं तिचं म्हणणं. मग शिकायची भाषा फ्रेंच असो नाहीतर आणखी कुठली.

आज समोर भाऊजी बसले होते, तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण मागच्या वर्षी बाथरूममध्ये वारली. गीझरचा गॅस कोंडला, भाऊजी कारखान्यात, घरात झोपलेल्या छोट्या लेकीशिवाय, चिमीशिवाय, कोणी नाही. भाऊजींनी तसं सांगितलं, आणि सांगताना इतके रडले की मावशीनेच त्यांना पाणी आणून दिलं. माय मरो आणि मावशी जगो, असं लोक म्हणाले तेव्हा तिला लोकांचाच संताप आला होता. पण चिमीला तिनेच कुशीत घेतलं. आता उद्या भाऊजी परदेशी नोकरीला निघणार, आणि चिमीही जाणार. मावशीचा जीव तुटत होता. पण बाप तो बाप, आपण कोण अडवणार?

"'आम्ही'चं रूप घ्या. नू पार्लों," ती म्हणाली. "शेवटचं 'ओं' कापा, 'ए' जोडा. झ पार्ले. मी बोलत होतो, बोलायचो. एकदाच होऊन संपलं त्याला हे चालत नाही. मागे जे चालूच होतं, त्याला."

भाऊजी हुशार विद्यार्थी. त्यांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले.

टक.

"रेडिओ वाजत होता," ते फ्रेंचमध्ये म्हणाले.

टक.

"पाणी वाहत होतं."

टक.

"चिमी झोपलेली होती."

मग ते अडले. मावशीला अडलेला विद्यार्थी खपत नसे. तिने सवयीने पट्टी भराभर आपटली. टक, टक, टक.

"ती दार ठोठावत होती," भाऊजी म्हणाले. "मी बाहेर उभा होतो. कडी माझ्या हातात होती."

मावशीची पट्टी हवेतच थांबली. भाऊजींनी डोळे उघडले, पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चुकलं का काही, ताई?"

"नाही. सगळं बरोबर आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "चिमीला आज इथेच राहू दे. सकाळी न्हाऊमाखू घालून पाठवते."

"नको." ते अगदी प्रेमाने म्हणाले. "आंघोळ घरीच होईल. गीझर चालू ठेवूनच आलोय."

आतल्या खोलीत चिमी बॅगेत बाहुली कोंबत होती. मावशी उठली, खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चिमे, आतून कडी घाल. आणि मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे पळ. काकांना म्हणावं, मावशीने लगेच बोलावलंय."

आत कडी सरकली. इवली पावलं लांब गेली.

भाऊजी खुर्चीवरून उठले. त्यांनी बाहेरचं दार लोटलं, कडी लावली आणि तिच्याकडे वळले.

"तुम्हाला नक्की काय ऐकू आलं, ताई?"

मावशीला खोटं सांगता आलं असतं. पण नियम तिचाच होता.

"माझी बहीण दार ठोठावत होती," ती म्हणाली, आणि पट्टी घट्ट धरून चिमीच्या दारासमोरून हलली नाही.