वेशीआतली बावडी

नंदुरबार शहराच्या जुन्या भागात, दगडी वेशीच्या आत, सोळा घरांची एक आळी होती. मधोमध पायऱ्यांची बावडी. बाया गुडघाभर पाण्यात उतरून घागर बुडवत आणि वर येताना कोनाड्यातल्या देवीला कुंकू लावत. रेल्वे आली तसं वेशीबाहेर शहर वाढत गेलं, पण असं गोड पाणी साऱ्या गावात नाही, असं आळीतले म्हणत.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात एक सरकारी डॉक्टर आले. ज्याच्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत निघतोय तो पाण्यात उतरला की तेच पाणी पिऊन दुसऱ्यांना नारू होतो, म्हणाले. पायऱ्या बुजवायच्या, वर रहाट बसवायचा.

"आमना आळीमा कोनलेच नारू नही," पंचांनी सांगून टाकलं. बावडी गेली तर देवी जाणार होती आणि नारूचं नाव झालं तर पोरींची लग्नं अडणार होती.

डॉक्टर घरोघर बघायला निघाले, तेव्हा एका घरात जसोदाबाईंनी आपल्या सुनेला, निर्मलाला, माळ्यावर चढवून शिडी काढून घेतली. निर्मलाच्या घोट्यातून दोन दोरे निघत होते. शेजारच्या घरातल्या गजराबाईने हे भिंतीच्या फटीतून पाहिलं. तिच्या घरात तिचा नवरा पितांबर शिवणयंत्रापाशी बसून होता. तो शिंपी. दोन वर्षांपूर्वी त्याचा नारू ओढताना आतच तुटला, पाय सुजून आखडला आणि पायाने यंत्र चालवणं संपलं. आता तो हातानं काजं करायचा, तेवढंच.

डॉक्टर दारात आले. "इथे कोणी आहे का?"

पितांबरने मान हलवली, नाही. निर्मलाचं माळ्यावरचं कण्हणं गजराबाईला ऐकू येत होतं. तिने खाली वाकून नवऱ्याच्या मांडीवरचं धोतर बाजूला केलं.

"हाऊ देखा, साहेब. आठे शे."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. शेजारच्या घराबद्दल विचारलं, तेव्हा मात्र ती म्हणाली, "माले माहीत नही."

ते गेल्यावर पितांबर भिंतीकडे तोंड करून बोलला, "मन्हा पाय लोकेस्ले देखाडा तू?"

"तुमना पाय गया. आते आळीना पोरेस्ना बी जातीन."

तो त्या दिवशी जेवला नाही.

पंधरा दिवसांत गवंडी आले. पायऱ्या दगडमातीने भरल्या. देवीला वर आणायचं ठरलं, पण मूर्ती कोनाड्यातल्याच खडकात कोरलेली निघाली. पहार लावायला कोणी धजेना. तिच्यावरही माती पडली. जसोदाबाई काठावर उभ्या राहून रडल्या आणि गजराबाईकडे वळल्या.

"देवी माटीमा दाबी तू. आळीनी अब्रू बी."

त्यानंतर आळीतलं एकही कापड पितांबरकडे आलं नाही. गजराबाई रहाटावर गेली की बाया घागरी उचलून दूर सरत. पावसाळ्यानंतर दोघांनी बैलगाडीत यंत्र टाकलं आणि स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेतली. पितांबरचा जन्म त्याच आळीतला. वेशीतून निघताना त्याने मागे पाहिलं नाही, बायकोकडेही नाही.

पुढच्या उन्हाळ्यातही आळीत नारू निघत राहिला, कारण तो वर्षभर अंगात वाढून मग बाहेर पडतो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आळीत एकालाही नारू झाला नाही. हे गजराबाईला मंगळवारच्या बाजारात निर्मलाने सांगितलं. ती नीट चालत होती, कडेवर मूल होतं.

"सासूबाई काय म्हनतस?" गजराबाईने विचारलं.

निर्मलाने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हनतस, तुम्ही आळी सोडी आणि देवी शांत हुयनी."

गजराबाईने मुलाच्या पायावरून हात फिरवला, भेंडीची पिशवी उचलली आणि निघाली.

खोलीत पितांबर काज करत होता. वर न बघता त्याने विचारलं, "आळीनं कोनी भेटनं का?"

"कोनी नही," ती म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.