एकाच पत्त्याचं गाव

आमच्या जिल्हा कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुगाराच्या जाहिराती झळकल्या, तो सोमवार होता. नदीची पातळी बघायला आलेल्या लोकांना 'फिरवा आणि जिंका' दिसत होतं. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने 'पाक' आणि तरुण बाईला 'म्बाक' म्हणतात. माझे साहेब पाक हार्तोयो सगळ्यांसमोर म्हणाले, "म्बाक पलुपी, सर्व्हर तुम्ही सांभाळता की जुगारवाले?" सगळे हसले. मीही हसले आणि आतून पेटले.

त्या रागातच मी सर्व्हर साफ केला आणि त्याला दोन मॉड्यूल जोडली. मूळ सर्व्हर बिचारा मागेल त्याला पान देतो, एवढंच. बाकीची अक्कल अशी वरून जोडावी लागते. पहिलं मॉड्यूल आलेली प्रत्येक विनंती तपासायचं. दुसरं नुसतं मोजायचं, एका इंटरनेट-पत्त्यावरून मिनिटाला किती विनंत्या आल्या ते. मर्यादा ओलांडली की तो पत्ता दहा मिनिटं बाहेर. ही मर्यादा आपण ठरवायची.

"कडक ठेवा," साहेब म्हणाले.

मी वीस ठेवली. एक माणूस मिनिटाला वीस वेळा कशाला पान उघडेल?

या धंद्यातली माणसं इथे कपाळावर हात मारतील, आणि मारावाच. कारण मी तेगलसोनोची. आमच्या गावात टॉवर नाही. मी कॉलेजात असताना लिक सारजू, म्हणजे माझा धाकटा काका, आणि मी मिळून काकूची तळणाची कढई बांबूवर चढवली आणि तिची अँटेना केली. "आता तुमचं इंटरनेटच तळून खा," म्हणत काकूने महिनाभर टोमणे मारले. पण तेव्हापासून एकशेचाळीस घरं त्या एका जोडणीवर चालतात. बाहेरून बघणाऱ्या सर्व्हरला अख्खं गाव एकच पत्ता दिसतं. कार्यालयात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. चार वर्षं पंख्याखालच्या खुर्चीत बसले आणि विसरले. त्यासाठी ज्या शिव्या असतात त्या सगळ्या मी स्वतःला दिल्या आहेत.

गावातले पुरुष नदीच्या पात्रात वाळू काढतात. वर डोंगरावर पाऊस झाला की ज्वालामुखीची राख आणि दगडधोंडे घेऊन चिखलाचा लोंढा येतो. खाली लख्ख ऊन असलं तरी येतो. म्हणून आभाळ भरलं की घरोघरी बायका आमचं पान उघडून बसतात. पातळी लाल झाली की लिक सारजूने चौकातला लाकडी ठोकळा बडवायचा आणि पुरुषांनी वर यायचं.

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास डोंगर काळवंडला. माझ्या पडद्यावर नोंदी धावू लागल्या. एकच पत्ता, मिनिटाला दोनशे विनंत्या, सगळ्या नाकारलेल्या. पान उघडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा दाबत होते आणि प्रत्येक दाबण्याबरोबर दहा मिनिटं नव्याने सुरू होत होती. हे मला आता कळतं. तेव्हा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. मी साहेबांना हाक मारली.

"बघा पाक, हल्ला! तोही आपल्याच जिल्ह्यातून."

"जुगारवाले?"

"दुसरं कोण? ऊर फुटेस्तोवर दार ठोठावतायत मेले."

"मग दहा मिनिटं कसले लाड करता? कायमचे हाकला."

मी तो पत्ता स्वतःच्या हाताने कायमच्या बंदीत टाकला. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. लिक सारजू, नेटवरून. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते, शाबासकी चालू होती. काकाचे फोन नेहमीचेच, जेवलीस का, केळी पाठवू का. मी फोन पालथा घातला.

साहेब गेल्यावर पत्ता पुन्हा वाचला. शेवटचे आकडे ओळखीचे वाटले. तो आमच्या गावाचा पत्ता होता. बंदी काढली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. तीन वाजून चार मिनिटांनी तेगलसोनोला पान दिसलं. पातळी लाल होती. पंचवीस मिनिटांपासून लाल होती. काकाला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

अकरा जण गेले. त्यात लिक सारजू होता. तो रेडिओ दुरुस्त करायचा, वाळूशी त्याचा काही संबंध नव्हता.

"अहवालात लिहा, मॉड्यूल ठरल्याप्रमाणे चाललं," पाक हार्तोयो म्हणाले. ते खरंच होतं.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला गावी गेले. काकू मागच्या अंगणात प्रार्थनेला आलेल्यांसाठी भाताचे डबे भरत होती. मी तिला सगळं सांगितलं, मर्यादा, बंदी, जुगारवाले म्हणून मारलेल्या बढाया. तिचा हात थांबला नाही.

"फोन वाजला तेव्हा जवळ होता?"

"हो काकू. पालथा घातला."

काकूने डब्याचं झाकण दाबलं. "मी त्यांना म्हटलं होतं, पान उघडत नाही तर सरळ ठोकळा बडवा. तर म्हणाले, उगाच माणसांना का पळवायचं? धोका असता तर पलुपीनेच फोन केला असता. पोरगी निवांत कामात आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. मग थर्मास घेतला, म्हणाले, पोरांना चहा देऊन येतो खाली."

मला रडूही येईना. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिने डब्यांची चळत माझ्या हातात ठेवली.

"वाटायला तूच जा. आणि मला सांगितलंस ते त्यांनाही सांग. माझ्या तोंडून नको."

पुढच्या ओसरीत दहा घरची माणसं चटईवर बसली होती. मला बघताच एक म्हातारी सरकली आणि म्हणाली, "ये गं बाळ, तू आमचीच." मी तिच्या हातात पहिला डबा दिला आणि सांगायला सुरुवात केली.