निळा धूर आणि दोन व्याही

माझा बाप मेकॅनिक, सासरा ट्रकमालक आणि तो ट्रक चालवणारी मी. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, काय छान जुळून आलंय! जुळलं खरं, पण या दोन व्याह्यांचं आपसात कधीच जुळलं नाही. एकाने डावीकडे म्हटलं की दुसऱ्याची मान आपसूक उजवीकडे वळते. नवरा गणिताचा मास्तर आहे, त्याला ट्रकात बसलं की मळमळतं. त्यामुळे तो या भांडणांत पडत नाही. शहाणा माणूस.

दोन महिन्यांपूर्वी मी हट्ट धरून ट्रकला मोठा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून घेतला. भरलेली गाडी चढावर रडायची, ते मला बघवत नव्हतं. "चांगल्या इंजिनाला परक्याचं फुप्फुस कशाला?" मामंजी म्हणाले. ते नको म्हणाले म्हणूनच बाबा लगेच हो म्हणाले, आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. मग गाडी चढावर अशी पळायला लागली की मी केबिनमध्ये एकटीच गाणी म्हणायचे.

तीन आठवड्यांनी धूर सुरू झाला. काळा नाही, निळा, जळक्या ऑइलचा वास मारणारा. भरधाव जाताना काही नाही. पण माल उतरवताना इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं थांबले आणि मग निघाले, की मागचा अख्खा रस्ता निळा. एका स्कूटरवाल्या बाईने मला सिग्नलला गाठून जे सुनावलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," मामंजींनी निकाल दिला. "इंजिन खोलून बसायची हौस मला आता नाही. दुपारी चारला गिऱ्हाईक येतंय. विकून मोकळे होऊ."

"गाडी इतकी ताणल्यावर रिंगा जाणारच," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

माझ्या लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्या विरोधात! मला असा राग आला की कान गरम झाले. मामंजींच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ही गाडी मीच चालवत होते. ती गेली की मी घरी. दुसरी घेऊ, असं कोणी खोटंसुद्धा म्हणत नव्हतं.

"चारपर्यंत गाडी माझी," मी म्हणाले. "रिंगा गेल्यात ना? दाखवा."

बाबांच्या गॅरेजात ट्रक लावला. मामंजी एका जुन्या टायरवर पाय पसरून बसले, परीक्षकासारखे. मी इंजिन चालू केलं, ऑइल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि तिथेच उलटं ठेवलं. रिंगा गेल्या असत्या तर खालून येणाऱ्या हवेने ते झाकण थडथड नाचलं असतं, उडून पडलं असतं. झाकण जागचं हललं नाही.

"थंड आहे इंजिन," मामंजी म्हणाले.

"गरम होऊ द्या," बाबा म्हणाले.

पुन्हा एकमत! इंजिन गरम केलं. झाकण तसंच, गोगलगाईइतकं शांत.

मग टर्बोवरून इंजिनाकडे जाणारा हवेचा पाइप काढला. आत बोट फिरवलं, तर बोट ऑइलने माखलं. मामंजी टायरवरून जवळजवळ उठलेच. "म्हणजे टर्बो गेला! व्याहीबुवा, कोणी बसवला होता हो हा?"

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी टर्बोचं पातं बोटाने फिरवलं, वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिलं. कुठे ढिलेपणा नाही. "नवा कोरा आहे टर्बो. या ऑइल जाळणाऱ्या बाईला विचारा."

तेवढ्यात मला एक गोष्ट सुचली. टर्बोत ऑइल पंपाच्या जोराने शिरतं, पण परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं ते फक्त आपल्या वजनाने. उतरायची वाट अडली तर ते आतच साचणार आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडणार, विशेषतः गाडी उभी असताना. मी पाना घेऊन ट्रकखाली सरकले आणि परतीचा जाड पाइप सोडवला.

पाइपाच्या तोंडावर, आतल्या बाजूने, वाळलेल्या लाल पेस्टची जिभेएवढी पट्टी लोंबत होती. अर्ध्याहून जास्त वाट तिने अडवली होती.

सांधा गळू नये म्हणून पॅकिंगला इतकी पेस्ट फासणारा माणूस जगात एकच. "माझ्या हातून गेलेल्या गाडीतून थेंब गळत नाही," हे बाबा रोज सांगतात, आणि ते खरंही आहे. दोन्ही बाजूंनी भरभरून पेस्ट लावायची आणि बोल्ट आवळायचे, ही त्यांची पद्धत. आवळल्यावर उरलेली पेस्ट आतही जाते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मी ती पट्टी ओढून मुठीत घेतली. मामंजींसमोर बाबांची फजिती मला नको होती.

"काय सापडलं?" बाहेरून दोघांनी एकदम विचारलं.

"कार्बन," मी म्हणाले. "साफ केला."

बाबा खाली वाकले आणि सरपटत माझ्याशेजारी आले. पाइपाचं तोंड पाहिलं, मग माझी मूठ. त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. मग ती पट्टी घेऊन बाहेर गेले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"व्याहीबुवा, ही माझी पेस्ट. ऑइलची वाट मीच बुजवली. पोरीच्या चालवण्यात काडीची खोट नाही. मी उगाच तिला बोललो."

माझे डोळे भरून आले आणि ऑइलचा हात डोळ्याला लागला. मी ट्रकखाली पडल्या पडल्या हसत रडत होते.

मामंजी आता बाबांना सोडणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण ते म्हणाले, "मग लावा ना तो पाइप पटकन. चार वाजत आलेत."

या वेळी पॅकिंग मी लावलं, कोरडं. गाडी चालू केली तर पुन्हा निळा धूर! "सायलेन्सरमध्ये साठलेलं जळू दे," बाबा म्हणाले. मी तिला हायवेपर्यंत पळवून आणली, मग पंधरा मिनिटं उभी ठेवली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. सायलेन्सरच्या वर फक्त गरम हवा थरथरत होती.

तेवढ्यात मामंजींचा फोन वाजला. गिऱ्हाईक रस्ता विचारत होतं.

"येऊ नका," मामंजी म्हणाले. "गाडी विकायची नाही." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, कशी देऊ? आमच्या सूनबाईंना उद्या सकाळी कामावर जायचंय."