पाचव्या कपातली नजर

जुन्या जपानी भांड्यांच्या पारखीत बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. कपाची कड नखाने हलकेच वाजवायची, तळाची खरबरीत कडा बोटाने चाचपायची, शिक्का भिंगाखाली धरायचा. तीस वर्षांत कुणी त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकू शकलं नव्हतं.

त्या दुपारी एका भावाबहिणीने त्यांना घरी बोलावलं. महिन्यापूर्वी त्या दोघांची आई गेली होती. भावाला भांडी विकून मोकळं व्हायचं होतं; बहीण दाराशी उभी होती. टेबलावर दोन वाडगे आणि पाच कप मांडले होते. एका वाडग्याची नक्षी छापील निघाली, दुसऱ्याची हाताने काढलेली. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. कप मात्र अस्सल, अंड्याच्या टरफलासारखे पातळ, शंभर वर्षांचे तरी असतील. असे कप उजेडात धरले की तळाच्या मातीत उठवलेला स्त्रीचा चेहरा दिसतो.

बाईंनी खिडकीशी एकेक कप धरला. चार कपांत एकच तरुण चेहरा, नजर खाली झुकलेली. पाचव्यातली स्त्री म्हातारी होती आणि थेट वर बघत होती. तिच्या डाव्या भुवईवर व्रण होता. बाईंनी मान वळवली. भिंतीवरच्या फोटोत आईच्या भुवईवर तसाच व्रण.

त्यांनी कप पुन्हा उजेडात धरला. भिंग लावून पाहिलं, तर कुठे जोड नाही, खाडाखोड नाही, चकाकीही जुनीच.

"ह्यातून कोण प्यायचं?" त्यांनी विचारलं.

"आई," बहीण म्हणाली. "शेवटी शेवटी त्या कपाशी बोलायची. मी तिला वेड्यात काढलं."

भावाने कप उजेडात धरला. मग तो बहिणीच्या हातात दिला. बाईंनी कागदावर बाकीच्यांची किंमत लिहिली आणि पाचव्यापुढे लिहिलं, 'विकू नये.' असं त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं.

आठवड्याने बहिणीचा फोन आला. तिने त्या कपात चहा ओतला होता, आईची माफी मागितली होती आणि घोटाघोटाने तो संपवला होता. मग कप धुऊन खिडकीशी धरला.

"डोळे मिटलेत तिने," ती म्हणाली. "झोप लागल्यासारखे."

"बरं झालं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. पण तेव्हापासून बाई कप उजेडात धरायचं काम गिऱ्हाइकालाच सांगतात, आणि स्वतः दुसरीकडे बघत उभ्या राहतात.