आमच्या ह्यांचा तडा

टांकसाळीत नाणी छापण्यात तेहतीस वर्षं गेली, पण आमच्या ह्यांच्या हातून एकही वाईट नाणं निघालं नाही. मला केवढा अभिमान होता त्याचा! नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन बघायला गेलो आणि तो तिथेच उतरला.

काचेच्या पेटीत, मखमलीवर, ढिसाळपंतांची नाणी मांडली होती. ढिसाळपंत म्हणजे ह्यांच्या शेजारच्या यंत्रावरचा माणूस. ठशाला तडा गेला तरी 'जेवून आल्यावर बघू' म्हणणारा. तडकलेल्या ठशाने छापलं की नाण्यावर उंच रेघ उठते. त्यांच्या नाण्यांवर ती मुकुटवाल्या बाईच्या नाकापासून थेट कानापर्यंत गेलेली. एकेकाची किंमत आमच्या शिलाई मशीनएवढी! दाब कमी पडून जिचं नाकच उठलं नव्हतं, ती तर त्याहून महाग. आमच्या ह्यांची नाणी दाराजवळ परातीत होती. वर पाटी, 'सुट्टे हवे असल्यास.'

हे घरी आले ते जेवलेच नाहीत. "आठ दिवसांनी निवृत्त होतोय," म्हणाले. "माझं म्हणून एक तरी नाणं मखमलीवर पाहिजे."

चुकायची सवय नसलेल्या माणसाचे काय हाल होतात, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. शर्टाचं बटण भलत्याच काजात घालून हे निघायचे आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन नीट लावायचे. मुद्दाम गळता ठेवलेला नळ ह्यांनीच पहाटे उठून दुरुस्त केला. शेवटी शिकवणी लावावी म्हणून मी ढिसाळपंतांना घरी बोलावलं. त्यांनी सहा बिस्किटं खाल्ली आणि हात टेकले.

"वहिनी, चूक करायची नसते हो. ती होते."

जाताना मात्र आपला सगळ्यात तडकलेला ठसा ह्यांना वापरायला द्यायचं त्यांनी कबूल केलं. कामात आनंदच, पण मनाने माणूस सोन्यासारखा.

शेवटच्या दिवशी हे तोच ठसा बसवून कामाला लागले. फाटकाबाहेर संग्राहक भिंगं घेऊन उभे. पण ह्यांचा मेला तो हात! दाब इतका नेमका, चकती इतकी सरळ, की पहिल्या हजारातच रेघ कानापासून मागे सरकली. दुपारी ती गालावर आली. संध्याकाळी तडा बुजला. अभियंता धावत आला, पोलाद असं भरून येत नसतं म्हणाला, मग त्यानेच ठशावर दोनदा बोट फिरवून पाहिलं. साहेबांनी ह्यांना निर्दोष सेवेचं प्रशस्तिपत्र दिलं. सकाळची रेघवाली नाणी संग्राहकांनी ढिसाळपंतांच्या नावावर धरली. तडा त्यांचा होता ना!

हे घरी आले ते दिवसातलं शेवटचं नाणं घेऊन. त्याचेही रीतसर पैसे भरून आणलेलं. माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघ गं नीट. केसभर तरी रेघ राहिली असेल."

ह्यांचा चेहरा बघूनच माझे डोळे भरून आले होते, नाणं कुठलं दिसणार? तेहतीस वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते.

"आहे की!" मी म्हटलं. "चांगली नाकापासून कानापर्यंत."

ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"ती मागची, कणसाची बाजू आहे," म्हणाले. "तिथे नाक नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे रागावले नाहीत. प्रशस्तिपत्राची गुंडाळी कपाटावर टाकली आणि म्हणाले, "जा, दूध घेऊन ये त्याचं."

मी खाली जाऊन दूध आणलं. दुकानदाराला दुसरं नाणं दिलं.