चक्रानंद स्वामींनी चढवलेला काटा

"काटा चढला! काटा चढला!"

खंडेनवमीच्या सकाळी मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत ही आरोळी उठली आणि मी हातातलं काम टाकून बाहेर धावले. दाजींच्या जुन्या मोटारीभोवती निम्मी गल्ली गोळा झाली होती. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, रस्त्यावर नुकताच फोडलेला कुंकवाचा कोहळा, आणि मधोमध भगवी शाल नि काळा गॉगल चढवलेले एक महाराज. नाव म्हणे चक्रानंद स्वामी. आजारी गाड्या नुसत्या मंत्रानं बऱ्या करतात!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सोयराक्काचे यजमान, अप्पासाहेब. मी शुभदा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे भोंदूपणा दिसला की माझ्या जिभेला खाज सुटते. अक्का म्हणते, हा रोगच आहे. असेल बाई.

झालं होतं असं. सकाळी पूजेसाठी गाडी सुरू केली, तर ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आडवा. इंजिनात तेल जोरानं फिरतंय की नाही, हे तो काटा सांगतो. तेल फिरलं नाही तर लोखंडावर लोखंड घासतं आणि धावतं इंजिन जागच्या जागी जाम होतं. आता शेजारीच देवाप्पा मेकॅनिक राहतो. पण त्याचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर सगळे हळदीकुंकू लावून पूजेला बसलेले. "हत्यारं आज हलवत नाही अक्का. उद्या सोनं वाटून झालं की स्वल्प, म्हणजे जरासं, बघतो," तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. आमच्या घरातही तीच रीत, त्यामुळे दाजी त्याला काही बोलू शकले नाहीत.

पण दाजींना उद्यापर्यंत दम कुठला! दसऱ्याला पहाटेच त्यांना नातीला, रक्षिताला, कोलारला सासरी न्यायचं होतं. सातवा महिना, तिथं डोहाळजेवण. ही पोर जन्मली तेव्हा दवाखान्यातून याच गाडीनं घरी आली होती. "माझी राणी दारात असताना भाड्याची गाडी? छट्!" असं म्हणून ते हटून बसले. मग त्यांचा पुतण्या देवव्रत, जो बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत असतो, त्यानं फोन करून या स्वामींना बोलावलं.

"मावशी, आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळे यांनाच दाखवतात," देवव्रत मला म्हणाला. "व्हायब्रेशन्सचं सायन्स आहे यामागं."

"असं होय? मग मी शाळेत काय शिकवत होते रे, भजनं?"

स्वामींचं प्रवचन जोरात चाललं होतं. "भक्तहो, पिस्टन म्हणजे प्राण! रेडिएटर म्हणजे उदर! आणि हा काटा म्हणजे गाडीची कुंडलिनी! कुणाची तरी दृष्ट लागून ती निजली होती. आम्ही बॉनेटमध्ये सिद्ध तांब्याचा दोरा बांधला आणि ती उठली!"

मी डोकावून पाहिलं. काटा खरंच पार उजवीकडे, शेवटच्या आकड्याला टेकला होता. मोबाइल वर झाले होते, लोक बंपरच्या पाया पडत होते. पण इंजिनातून टकटक टकटक असा आवाज येत होता.

"हा आवाज कसला हो, स्वामी?"

"मातेच्या पायातली पैंजणं!" स्वामी गॉगल सावरत म्हणाले. "आता दिवाळीपर्यंत बॉनेट उघडायचं नाही. उघडलं की शक्ती गेली."

रक्षितानं भक्तिभावानं हात जोडले. तिच्या पोटाकडे माझी नजर गेली आणि मला खरंच भीती वाटली. तो आवाज पैंजणांचा नव्हता, आणि उद्या ही पोर त्या गाडीत बसणार होती.

"दाजी, इंजिन बंद करा," मी म्हणाले. "चावी काढू नका, दिवे लागतात तेवढीच फिरवून ठेवा."

इंजिन थांबलं. काटा जसाच्या तसा, शेवटच्या आकड्यावर!

"बघा! इंजिन बंद, तेलाचा पंप बंद. मग हे प्रेशर आलं कुठून?"

सगळ्यांनी वाकून काट्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अय्यो! इंजिन बंद असतानाही प्रेशर! केवढी ही शक्ती!" आणि सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. मी कपाळावर हात मारला.

स्वामींना तर बळच आलं. "कृपेला इंजिन लागत नाही, माते!"

"मग पेट्रोल तरी कशाला भरायचं? कृपेवरच जाऊ दे कोलारला!"

"शुभे, गप्प बैस गं," अक्का कळवळली. "सणासुदीला अपशकुन नको."

"अक्का, पोरीचा जीव आहे. मी गप्प बसणार नाही." असं म्हणून मी बॉनेट उघडलं. स्वामी आडवे आले, पण दाजींनी त्यांना हातानं बाजूला सारलं. पंप बंद तर प्रेशर कुठलं, हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात घोळत असावा.

इंजिनाच्या कुशीला बोटाएवढा सेन्सर असतो, त्याच्यावर एकच वायर. तेलाचा दाब ओळखून तो काट्याला खबर देतो. या गाडीत ती वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकली, की काटा सरळ टोकाला जातो, मग तेल असो वा नसो. सिद्ध दोऱ्याचं एक टोक त्या वायरीच्या तोंडाला आणि दुसरं लोखंडाला गुंडाळलेलं होतं. मी दोरा सोडला. आत बसलेला देवव्रत ओरडला, "मावशी, पडला काटा!"

मग मी अंबाड्यातला आकडा काढला. तो काही पूजेला बसलेला नव्हता! वायर आणि लोखंड यांच्यामध्ये टेकवला.

"चढला!"

काढला. "पडला!"

"घ्या, मीही स्वामी झाले." रक्षितानं आकडा मागून घेतला आणि काटा चढवला. मग आमच्या सोयराक्कानंही भीत भीत चढवला आणि लहान मुलीसारखी हसली. गल्लीतल्या बायांची कृपा करायला रांग लागली.

"म्हणजे नुसता वायरिंगचा घोळ," देवव्रत सुस्कारा टाकत म्हणाला. "गाडी ठीक आहे तर."

"थांब. दोरा खोटा ठरला म्हणून गाडी ठीक ठरत नाही. शून्य खोटं होतं की खरं, ते कोण बघणार?"

मी तेल मोजायची पट्टी ओढली. फडक्यानं पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. जवळजवळ कोरडी! दाजी गुडघे टेकून गाडीखाली वाकले. फुटक्या कोहळ्याच्या लगद्याखाली तेलाचं भलं मोठं काळं थारोळं साचलं होतं, कुंकवाच्या पाण्यात कुणाला ते दिसलंच नव्हतं. सकाळी शून्यावर बसलेल्या काट्यानं खरं तेच सांगितलं होतं.

दाजी उठले आणि गाडीचं मागचं दार उघडून म्हणाले, "स्वामी, दोरा परत बांधा. बसा आत. कोलारपर्यंत जाऊन येऊ, आत्ताच."

"आम्हाला... आम्हाला महादेवपुऱ्यात दुसरी पूजा आहे," स्वामी शाल गोळा करत म्हणाले.

"जाऊ की, तिकडूनच वाट आहे!"

स्वामी कोपऱ्यावरच्या रिक्षात शिरले. सेल्फी काढणाऱ्यांनीही त्यांना अडवलं नाही.

दाजी पायरीवर बसले. "शुभदा, होसकोटेच्या पुढं रस्ता मोकळा मिळतो. मी गाडी पळवतोच तिथं. इंजिन तिथं जाम झालं असतं, मागून ट्रक... आणि ही पोर मागच्या सीटवर." मग त्यांनी देवव्रतला हाक मारली. "उद्याची टॅक्सी सांग. चांगली सांग."

रक्षिता त्यांच्याजवळ टेकली. "आजोबा, राणी रुसेल हं."

"रुसू दे गं," दाजी म्हणाले. "तू सुखरूप पोच."

लोकहो, पूजा करायची तर खुशाल करा, कोहळा फोडा, माळ घाला; मी कोण अडवणार? पण काटा शून्यावर आला, ताप चढला, छातीत कळ आली, तर ती दृष्ट नव्हे, ती खबर आहे. ती आवडत नाही म्हणून खोटा दोरा बांधून तिचं तोंड बंद करू नका. गाडी उभी करा, पट्टी ओढा आणि तेल बघा. कारण दोरा बांधणारा तुमच्या गाडीत बसत नाही. बसतात ती तुमची लेकरं.