गुळाच्या पारड्यात

बनूच्या पायातलं जोडवं काही केल्या निघेना. छबूबाईने आधी साबण लावून पाहिला, मग गोडेतेल लावलं, मग बोटाला दोरा गुंडाळून पाहिला. चांदीची ती कडी बोटात इतकी रुतली होती की, तिच्या दोन्ही बाजूंनी कातडी वर आली होती.

"राहू द्या जाऊबाई. लई दुखतंय," बनू म्हणाली आणि भिंतीला टेकली. तिने डोळे मिटून घेतले.

"डोकं अजून ठनकतंय?"

"कालच्यापरीस जास्तच. आन् डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात."

ओसरीवर लंकाबाई तूप कढवत बसल्या होत्या. छबूबाईच्या आणि बनूच्या या सासूबाई. त्या तिथूनच ओरडल्या, "निघत न्हाई तर तोडून टाक! जोडवी काय, सोनार दुसरी घडवून देईल. माझ्या सुनंच्या अंगावर मास चढलंय म्हनून अडाकलं जोडवं!"

हे शेवटचं वाक्य सुनेसाठी नव्हतंच. ते कुडापलीकडच्या आक्काबाईसाठी होतं, आणि आक्काबाईने ते ऐकलंही असणार, कारण पलीकडचं भांडी घासणं क्षणभर थांबलं.

पावसाने दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. पाथर्डीकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बेलापूरजवळच्या या गावाला पाटाचं थोडंफार पाणी होतं, म्हणून इथं दोन वेळा चूल पेटत होती इतकंच. आणि अशा दिवसांत ज्याच्या घरातली सून गुबगुबीत, त्याच्या घरात लक्ष्मी पाणी भरते असं अख्खं गाव मानून चाललं होतं. माणसाची तब्येत डोळ्यांनी मापायची आणि डोळ्यांना जाडी तेवढी दिसते, त्याला काय करणार!

लंकाबाईंचे यजमान कानिफनाथ, त्यांच्या घराण्यात तर याचा रिवाजच होता. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. पहिलटकरीण सून नवव्या महिन्यात आली की, बाळंतपणासाठी माहेरी धाडण्याआधी तिला गुऱ्हाळावरच्या मोठ्या तागडीत बसवायची. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा रचायच्या. तागडी समतोल झाली की तो गूळ गावाला वाटायचा. जितका गूळ जास्त, तितकी सून सुखात आणि तितकं घराणं मोठं. त्या बाईला तागडीत बसायचं आहे का, हे विचारायचं मात्र कुणाला कधी सुचलं नाही. मालाला कुणी विचारतं का?

बनू लग्न होऊन आली तेव्हा काटकुळी होती. पाथर्डीच्या कोरड्या मुलखातली पोर. दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती विहिरीवरून यायची, आणि येताना गाणंही म्हणायची. पण आक्काबाईने विचारलंच होतं, "लंकाबाई, पाटाच्या कडंला ऱ्हाता आन् सून अशी खारकंवानी?" ते बोलणं लंकाबाईंच्या जिव्हारी लागलं. बनूला दिवस गेले तशी त्यांनी तिची विहीर बंद केली, शेत बंद केलं. दूध, तूप, शिरा. पोरीला त्यांनी खरोखर मायेने खाऊ घातलं. लंकाबाई दुष्ट होत्या असं लिहिलं तर ही गोष्ट सोपी होईल, पण ती खोटी होईल.

गेल्या महिन्यात बनूचा चेहरा एकदम भरला. हात भरले, पाय भरले. लंकाबाई हरखल्या. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. एवढ्या चांगल्या तब्येतीला दृष्ट लागणारच, नाही का?

जुन्या रिवाजाला नवी विद्याही येऊन मिळाली होती. थोरला मुलगा राधाकृष्ण साखर कारखान्याच्या कचेरीत कारकून होता. विम्याच्या एजंटाने त्याला एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर उंचीप्रमाणे माणसाचं योग्य वजन किती, याचा तक्ता छापलेला होता. राधाकृष्णने बनूला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण केली होती आणि तक्त्यात बोट फिरवून सांगितलं होतं, "आली तवा तक्त्याच्या लई खाली हुती. आता बराबर बसतीया. शास्त्र हाय हे, आई."

शास्त्रानेही होकार दिल्यावर मग राहिलं काय! आजच संध्याकाळी बनूला तागडीत बसवायचं ठरलं होतं.

छबूबाई ही राधाकृष्णची बायको. तिचं मात्र सकाळपासून चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुरणाचं घमेलं तिने दोनदा चुलीवरून उतरवलं आणि दोनदा चढवलं. अंगणात गेली, कशाला आलो ते विसरून परत आत आली. ते रुतलेलं जोडवं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, कारण असंच जोडवं एकदा तिच्याही पायात रुतलं होतं.

काही वर्षांमागे तीही याच तागडीत बसली होती. तिचाही चेहरा असाच भरला होता. तिच्या वजनाचा गूळ गावाला दोन दिवस पुरला होता म्हणे. आणि त्या गुळाची चव लोकांच्या जिभेवर होती तोवरच तिला झटके आले, दातखिळी बसली. शुद्धीवर आली तेव्हा मूल पुरून झालं होतं. बाहेरची बाधा, असं सगळ्यांनी ठरवलं. पुढे तिला मूल झालं नाही.

तागडीत बसण्याआधी छबूबाईने स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला होता. तिथे खड्डा पडला होता आणि तो किती तरी वेळ भरलाच नव्हता. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. तिचा अर्थ तिला कळलाच नव्हता, आणि आजही नीट कळत नव्हता. आज जोडवं काढताना तिने हळूच बनूची नडगी दाबली. तसाच खड्डा पडला.

ती परसात राधाकृष्णजवळ गेली. "आवं, बनूला आज तागडीत बसवू नका. आधी शिरीरामपूरला दवाखान्यात दावा. मला भ्या वाटतंय."

"कशाचं? तक्त्यात बसतीया ती."

"माझंबी असंच झाल्तं."

राधाकृष्णने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "छबू, तू यात पडू नगं. लोक काय म्हनतील तुला, ठावं हाय ना?"

तिला ठाऊक होतं. मूल नसलेली जाऊ, धाकटीच्या भरल्या पोटावर जळते. हे वाक्य गावाच्या ओठांवर तयारच होतं, फक्त तिने तोंड उघडायचा अवकाश होता. शिवाय तिचंच चुकत असलं तर? खरंच नुसतं मांस असलं तर? मग ती सवाष्णीच्या मंगल कार्यात आडवी गेलेली बाई म्हणून जन्मभर या घरात राहणार होती. ती परत चुलीपाशी जाऊन बसली. पुरण करपलं होतं.

दुपारी बनूची आई दगडाबाई पाथर्डीहून एसटीने आली. खडी फोडून तिच्या बोटांची सालं निघाली होती. लेकीला पाहून ती दारातच थबकली आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली.

"इहीनबाई, माझ्या लेकीचं तुमी सोनं केलं. वळखूच आली न्हाई मला!"

छबूबाईची शेवटची आशा होती ती आईच्या नजरेवर. पण त्या नजरेने वर्षभर भूकच पाहिली होती. फुगलेले गाल म्हणजे पोट भरल्याची खूण, याखेरीज दुसरं काही त्या माउलीला दिसणार तरी कसं?

उन्हं कलल्यावर सगळी भावकी गुऱ्हाळावर जमली. कडुनिंबाच्या फांदीला तागडी टांगली होती, तिच्या दोऱ्यांना झेंडूच्या माळा होत्या. हिरवं लुगडं नेसलेल्या बनूला गोरक्षने, तिच्या नवऱ्याने, हाताला धरून आणलं. चार पावलांत तिला धाप लागली. बायांनी तिला पारड्यात बसवलं. कानिफनाथांनी पहिली ढेप ठेवली. मग दुसरी. बायका गाणं म्हणू लागल्या. प्रत्येक ढेपेबरोबर लंकाबाईंची मान थोडी वर होत होती.

"अजून हलत न्हाई पारडं! ठिवा, अजून ठिवा!"

आक्काबाई तोंडात पदर धरून बघत होती. राधाकृष्ण शेजारच्याला तक्ता समजावून सांगत होता.

बनूने दोरी घट्ट धरली. "जाऊबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "मला समदं दोन-दोन दिसाया लागलंय."

छबूबाईला पुढे काय झालं ते नंतर नीटसं आठवत नव्हतं. ती बायकांना ढकलत पुढे गेली, पारड्याची दोरी तिने पकडली, बनूच्या पायावरचं लुगडं वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. सगळा जोर लावून दाबला आणि काढून घेतला.

"बघा! समदे बघा! मास हाय व्हय हे? ह्ये पानी हाय, पानी! बघा, भरतोय का खड्डा!"

गाणं थांबलं. खड्डा तसाच होता.

"छबे!" लंकाबाई कडाडल्या. "हात काढ तिच्या अंगावरला! आपलं वाटुळं झालं म्हनून दुसरीचं बघवंना व्हय तुला?"

"न्हाई बघवत, आत्याबाई!" छबूबाईचा आवाज फाटला. "म्या याच पारड्यात बसली हुती. माझ्याबी पायाला असाच खड्डा पडला हुता. तुमी गूळ वाटला आन् माझं लेकरू मातीत घातलं. मला काय बोलायचं ते बोला, घरातून काढा, पन आदी हिला दवाखान्यात न्या!"

दगडाबाई पुढे आली. तिने खाली बसून आपल्या लेकीची नडगी दाबली, मग स्वतःची, खडीवर उन्हात वाळलेली. आपल्या पायाला खड्डा पडत नाही हे तिने पाहिलं. मग ती जावयाकडे बघू लागली.

गोरक्ष वडिलांसमोर कधी मान वर करून बोललेला नव्हता. त्या दिवशी तो सरळ पुढे आला. त्याने बनूला दोन्ही हातांनी पारड्यातून उचललं. तिकडचं पारडं धाडकन जमिनीवर आदळलं आणि ढेपा फुटून गूळ मातीत पसरला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. कानिफनाथांनी फुटलेल्या गुळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ट्रॅक्टर काढा."

श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. लघवी तपासली आणि गरोदरपणात रक्तदाब चढून अंगावर पाणी साठलंय, असं सांगितलं. रेबेका नावाच्या नर्सने खोलीच्या खिडकीला काळा पडदा लावला, कारण उजेडानेसुद्धा झटका येऊ शकला असता. सकाळी बनू बाळंत झाली. मुलगी झाली, बोटभर जीव, पण रडली. बनूही वाचली. "रात्र घरी काढली असती तर दोघीही हाती लागल्या नसत्या," असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

मग एक गंमत सुरू झाली, आणि ती पाहून लंकाबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. दवाखान्यातही काटा होता. रेबेका सिस्टर रोज बनूचं वजन करी आणि रोज ते घटे. इकडे लंकाबाई कपाळाला हात लावत आणि तिकडे डॉक्टरीणबाई हसून म्हणत, "छान! उतरतंय."

"आवं, पोरगी झडाया लागली आन् तुमी छान म्हनता?"

"आजी, तिच्या अंगातलं पाणी उतरतंय. काट्याला हाड, मांस, पाणी सगळं सारखंच. तो फक्त भार सांगतो."

राधाकृष्ण कोपऱ्यात उभा होता. "पन बाई, तक्त्यात ती बराबर बसत हुती की."

"तक्त्यावरून अंदाज येतो हो. पण माणूस आजारी आहे की धडधाकट, हे नुसती उंची आणि वजन बघून कसं कळणार? ती काटकुळी होती तेव्हा घागरी वाहत होती ना? आणि तक्त्यात बसली तेव्हा चार पावलं चालवत नव्हतं. तिला विचारायचं होतं. डोकं दुखतंय, असं ती सांगत होती."

राधाकृष्ण खाली मान घालून बाहेर गेला. लंकाबाई मात्र तिथेच घुटमळल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "बाई, माझ्या थोरलीलाबी असंच झाल्तं. तोंड सुजलं, झटकं आलं. मंग तिचं लेकरू... ती काय भायेरची बाधा नव्हती?"

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "मी तेव्हा नव्हते, आजी. पण तुम्ही सांगता ती लक्षणं याच आजाराची आहेत."

लंकाबाई बाहेर आल्या. व्हरांड्यात छबूबाई त्या चिमुकल्या मुलीला छातीशी धरून बसली होती. लंकाबाई तिच्या शेजारी भुईवर बसल्या. त्या रडल्या, आणि छबूबाईने त्यांना रडू दिलं.

बनू घरी आली तेव्हा पुन्हा पहिल्यासारखी काटकुळी झाली होती. कुडावरून आक्काबाईने मान लांबवली. "सून पार वाळली की वो तुमची!"

"वाळू दे. जित्ती हाय," लंकाबाई म्हणाल्या.

चैत्र संपता संपता आक्काबाईने निरोप धाडला. तिची सून नवव्यात होती. अंगाने चांगली भरली होती. कानिफनाथांची तागडी एका दिवसापुरती मिळेल का? घराण्याचा रिवाज आता गावाचा होऊ पाहत होता.

लंकाबाई ताडकन उठल्या. तागडीला त्यांनी हातही लावला नाही. छबूबाईचा हात धरून त्या तरातरा आक्काबाईच्या ओसरीवर गेल्या. तिथे लिंबलोण उतरून, काजळाची तीट लावून, नवं लुगडं नेसवून त्या पोरीला मधोमध बसवलं होतं. ती बिचारी कपाळ दाबून धरत होती. जमलेल्या बायका कौतुक करत होत्या.

"लंकाबाई, तागडी?" आक्काबाईने विचारलं.

लंकाबाई सरळ पुढे गेल्या. त्या पोरीसमोर खाली बसल्या, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि मागे वळून थोरल्या सुनेला म्हणाल्या,

"छबू, तू दाब. मला तवा दिसलं न्हाई. आता समद्यांना दिसू दे."